अगदी एका सुरात

माझ्या निबंधावर जागोजागी लाल शाईने ‘कुठे?’ लिहिणारा पुतू अर्साना कॅन्टीनमध्ये नेमका माझ्याच टेबलावर भात खात बसला होता. बोटांवर लाल डाग होते, म्हणून ओळखला.

सरांनी निबंध आपसात तपासायला वाटले होते. ज्याचा निबंध उत्तम, त्याच्या गावचं गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचा ताफा, कॉलेजच्या उत्सवात वाजणार होतं. मी जीव ओतून लिहिलं होतं, ‘स्वर्गीय’ काय, ‘मंत्रमुग्ध’ काय... आणि हा शहाणा विचारतोय, कुठे ऐकू येतं? मी कागद त्याच्या ताटाशी आपटला.

‘‘तुम्हाला कान नाहीत का, ब्ली?’’ आमच्या बालीत तरुणाला ‘ब्ली’ म्हणतात, मुलीला ‘गेक’.

त्याने शांतपणे शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘आमची जोडीची वाद्यं अगदी एका सुरात लागतात.’

‘‘हे गावात वाचून दाखव, गेक. कोणी जेवायला वाढतं का बघू.’’

मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्याकडे जोडीतलं एक वाद्य मुद्दाम जरा खाली लावतात, दुसरं जरा वर, म्हणून तर सूर लाटेसारखा हलतो. दोन्ही अगदी सारखी लागली की म्हातारे म्हणतात, वाद्य मेलं. कौतुकाच्या भरात मी गावाचं अख्खं गामेलान मारून टाकलं होतं.

पण हार मानेन तर मी कोमांग सुवित्री कसली? आमच्या गावी ऐकायला या म्हटलं. रविवारी स्कूटरवरून आला. मी खालचं वाद्य घेतलं, त्याने वरचं. एकच सूर दोघांनी मिळून वाजवला.

‘‘काय ऐकू येतंय?’’

‘‘स्वर्गी—’’ त्याने नुसतं पाहिलं... मी डोळे मिटले. ‘‘सूर थरथरतोय. पार विरेपर्यंत थरथर सुटत नाही.’’

‘‘हेच लिही.’’

लिहिलं, एकही स्वर्ग न घालता. सरांनी भर सभागृहात वाचलं, आणि उत्सवात आमचं गाव वाजलं. माझे वडील ढोल घेऊन ताठ बसले होते. माझा ऊर अभिमानाने नुसता भरून आला होता.

कार्यक्रम संपल्यावर तो पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

‘‘गेक, तू... फार छान आहेस.’’

‘‘कुठे?’’

बिचारा अडखळला. ‘‘चिडलीस की डावी भुवई वर जाते... तिथे.’’ मग धीर करून म्हणाला, ‘‘आवडतेस मला. आपलं अगदी एका सुरात जमेल.’’

‘‘ती चूक मी एकदा केलीय, ब्ली. मलाही तू आवडतोस, पण तू जरा खाली राहा, मी जरा वर.’’

तो हसला, आणि मुकाट्याने एक पायरी खाली सरकून बसला.