तळटीप एकेचाळीस

तीन रात्री मला झोप नव्हती, तेही एका तळटिपेपायी. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही; पण ही काळजी मी स्वतः कष्टाने कमावलेली.

माझा प्रबंध एका जुन्या, बंद पडलेल्या बाळंतिणींच्या वॉर्डवर. तिथल्या एक निवृत्त नर्सबाई बारा तारखेला बोलायला तयार झाल्या होत्या. नेमकी त्याच दिवशी चार वर्षांची लेक तापाने फणफणली. मी गेलेच नाही. प्रकरणात मात्र भोक राहत होतं. मग एक वाक्य मनानेच रचलं आणि बाईंच्या तोंडी घातलं: ‘तिथली बाळं रडायची नाहीत, दाराकडे बघत पडून राहायची.’ खाली संदर्भ, अगदी स्वल्पविरामासकट शिस्तीत: प्रत्यक्ष मुलाखत, राहत्या घरी, १२ जून, दुपारी चार.

मसुदा पाठवला. चौथ्या दिवशी दुपारी मार्गदर्शक मॅडमचा फोन.

“अगं, एकेचाळीसमध्ये तारीख चुकलीय का? त्या बाई दहा जूनलाच वारल्या. त्यांच्या सुनेने कळवलं.”

“टायपिंगची चूक, मॅडम. दोन जून.”

“बघ बाई. खोटी मुलाखत निघाली तर पदवी विसर, आणि मीही तोंडघशी पडेन. पाचपर्यंत नीट करून पाठव.”

१२ मधला १ खोडला. सेव्ह केलं. फाइल पुन्हा उघडली, तर १२ जून. परत खोडला. परत १२. माझंच काहीतरी चुकत असणार, नेहमीसारखं. तिसऱ्यांदा उघडली... तारीख तीच. पण ‘राहत्या घरी’च्या जागी आता होतं ‘संशोधिकेच्या घरी’.

खोलीत फिनेलचा वास भरला होता. लेकीला शिंका येतात म्हणून आम्ही फिनेल आणतच नाही.

ती टेबलाखाली चित्र रंगवत होती. खडूची खरखर केव्हाच थांबली होती.

“पिल्लू... तुला ताप होता ना, त्या दुपारी कोणी आलं होतं का गं?”

“हो. आजी आल्या होत्या. तू घोरत होतीस.”

तिच्या उशाशी माझा डोळा लागला होता खरा.

“काय... काय म्हणाल्या?”

तिने वाक्य म्हटलं. माझंच, शब्दन् शब्द. तिला वाचता येत नाही. मी ते कधी मोठ्याने वाचलेलं नाही.

मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत, पापणीही न लववता, ती म्हणाली,

“तू अर्धंच लिहिलंस, आई. दारात कोण उभं असतं, ते लिहिलंच नाहीस.”