कागदातला न

“आधार आहे का?” कॉम्प्युटरवरून मान वर न करताच त्याने विचारलं.

वैजयंतीचं डोकं ठणकत होतं. पहाटे पुणं सोडलेलं, मंचरला गाडी बदललेली, घोडेगावात उतरल्यापासून चहाचा घोट नाही. त्यात गेले चार महिने लॉ कॉलेजात मॅडम तिला एकच प्रश्न विचारत होत्या, म्हणतेस ते ठीक आहे, पण त्याला आधार काय? तिच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, “आहे ना. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आहेत, शिवाय…”

आता मात्र त्याने मान वर केली. “मॅडम, आधार कार्ड. अर्जाला जोडायला.”

मागे दुकानाचे मालक गोरखशेठ ठसका लागेपर्यंत हसले. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग, खूप दमलेल्या माणसाला येतं तसं, आवरता न येणारं हसू तिलाही आलं. तोही हसला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती हसल्यावरही गेली नाहीत, पण त्याला शोभून दिसली.

त्याचं नाव सुदर्शन, गाव जुन्नरकडचं डिंगोरे. इतिहास घेऊन बीए झालेला, हौसेने मोडी शिकलेला, जुन्या कागदांच्या खात्यात नोकरी लागेल म्हणून तीन वर्षं वाट पाहिलेला. आता कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करायचा. ती लॉच्या शेवटच्या वर्षाला. तिचं गाव डिंभ्याच्या पलीकडे, डोंगरात, एसटी जिथून माघारी फिरते तिथे. गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रानातला हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. हा त्यांचा हक्क कायद्यात बसतो का, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. पुराव्यासाठी ती गावातल्या सावळेरामबाबांच्या पत्र्याच्या पेटीतला एक जुना मोडी कागद घेऊन फिरत होती. तो वाचणारं कुणी मिळत नव्हतं, म्हणून आज कचेरीत जुन्या नोंदींसाठी अर्ज करायला आली होती.

“दाखवा इकडं,” सुदर्शन म्हणाला. बोटाने अक्षरं न शिवता तो ओळीवरून हळूहळू सरकत गेला. “गावकऱ्यांनी… रानातील हिरड्याची… वहिवाट करावी.”

“वहिवाट म्हणजे…”

“वापरत आलेत, वापरू द्या. तुमचंच काम झालं की, मॅडम!”

वैजयंती मटकन स्टुलावर बसली. चार महिने जे शोधलं, ते एका ओळीत होतं.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. गावातून आणखी चार कागद मिळाले होते, ते वाचून घ्यायचे होते, एवढं कारण पुरे होतं. गोरखशेठ न सांगता दोन चहा मागवायचे आणि स्वतः मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहायचे. सुदर्शन तिला मोडीतली अक्षरं दाखवायचा. तिला जेमतेम सात-आठच ओळखता येऊ लागली, कारण निम्मा वेळ ती अक्षरांऐवजी त्याच्या बोटांकडे पाहत असे.

“एवढं शोधून पुढं काय व्हनार वो तुमी?” त्याने एकदा विचारलं.

“कुणी मोठ्या वकिलांच्या फर्ममध्ये बसून निकाल शोधतं, कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी जजसाहेबांच्या हाताखाली. मी हायकोर्टात अर्ज केलाय, एका वर्षाचं काम. हा प्रबंध त्याला जोडायचा आहे.” तिने डोळे मिटून मान मागे टेकली. “घरी सांगितलं, संशोधन करते. आत्या म्हणाली, काय हरवलंय गं तुझं?”

“सापडलं का मग?”

तिने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. “शोधतेय…”

त्याने घाईघाईने प्रिंटरमध्ये कागद भरले. प्रिंटर आधीच भरलेला होता.

प्रबंधाचा कच्चा मसुदा तिने त्याला दाखवला, तेव्हा तो एका तळटीपेपाशी थांबला. ‘मोडी वाचन : सुदर्शन, डिंगोरे.’ आतापर्यंत हजारो अर्ज त्याने टाइप केले होते, पण त्याचं नाव कशावर आलं नव्हतं. त्याने ती टीप पुन्हा एकदा वाचली. मग तिचा मूळ कागद, प्रबंधाला जोडायला चांगला स्कॅन करून देतो, म्हणून ठेवून घेतला.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. शनिवारी दुपारच्या गाडीने सुदर्शन थेट तिच्या गावात उतरला. वैजयंती अंगणात आत्याशेजारी बसून हिरडा निवडत होती. त्याला पाहून तिचा जीव सुपाएवढा झाला. त्याचा चेहरा पाहून तितकाच बारीक.

“गाडी अर्ध्या तासात फिरतीय, म्हणून सरळच सांगतो,” तो उभ्यानेच म्हणाला. “माझं वाचायला चुकलं. मोडीत शब्द सलग असतात, मधी जागा सोडत न्हाईत. स्कॅन करताना घडी सपाट केली, तर वहिवाटच्या पुढं, घडीत दबलेला एक न व्हता. वहिवाट न करावी. हक्क नाय तो… मनाई हाये.”

वैजयंतीच्या हातातला हिरडा सुपात पडला. सगळा प्रबंध त्या एका ओळीवर उभा होता. चिडायचं म्हटलं तरी तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

“बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?” ती हलकेच म्हणाली.

“कुणालाच नाय.”

“मग?”

“तळटीपेत माझं नाव हाये. आन्…” तो घुटमळला. “तुमी तिथं मोठ्या माणसांसमोर उभ्या राहणार, ते माझ्या चुकीवर? मला नाय जमलं ते.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. घाम आलेला, शर्ट चुरगळलेला, परतीच्या गाडीकडे एक कान लावून उभा असलेला हा माणूस. याच क्षणी तिला कळलं की आपण याच्या प्रेमात पडलो आहोत. आणि प्रबंध बुडाल्याचं दुःख करायचं की याचा आनंद, हेही कळेना.

“काय बिनसलंय?” चिमाबाई आत्याने सूप खाली ठेवलं. वैजयंतीने सांगितलं. आत्याने कपाळावर आठ्या घातल्या. “मग त्यात रडायचं काय? आमी हिरडा येचत व्हतो, म्हून तर मनाई केली. जे कुणी करतच न्हाई, त्याला मनाई कोन कशापायी करंल?”

सुदर्शनने पिशवीतून मूळ कागद काढून वैजयंतीसमोर धरला.

“आत्या,” वैजयंती सावकाश म्हणाली, “तू लॉ कॉलेजात शिकवायला हवी होतीस.”

गाडीचा हॉर्न वाजला. सुदर्शन गेला नाही. संध्याकाळी येणाऱ्या मुक्कामी गाडीने सकाळी जाऊ, म्हणाला, आणि शेजारच्या सावळेरामबाबांकडे राहिला. दिवस मावळेपर्यंत दोघांनी ते प्रकरण नव्याने मांडलं. मनाईचा कागद हाच वहिवाटीचा पुरावा. तळटीप तशीच राहिली, फक्त तिच्यात एका शब्दाची भर पडली. ‘दुरुस्त मोडी वाचन.’

हायकोर्टातलं काम मिळालं. जायच्या दिवशी घोडेगावच्या स्टँडवर ती दोन बॅगा घेऊन उभी होती. सुदर्शन दुकानातून तसाच आला होता, बोटांना शाई होती. परीक्षा, मुलाखत, घरच्यांची समजूत, सगळं करून ती इतकी थकली होती की आनंदसुद्धा अंगावर ओझ्यासारखा वाटत होता.

“जावा तुमी,” तो बॅगांकडे पाहत म्हणाला. “मला काय वाटणार नाय.”

“सुदर्शन, त्यात न का घातलात?”

त्याचे कान लाल झाले.

“जे मुळात नसतं, त्याला मनाई कोण करतं?” ती हसली. “एका वर्षाचंच काम आहे. मग इथेच परत यायचंय मला. डोंगरातली किती गावं आहेत, आणि मोडी वाचणारा एकच.”

“चुका करतो तो.”

“सांगतो पण.”

मंचरची गाडी लागली. त्याने बॅगा वर चढवल्या. खाली उतरल्यावर, खिडकीपाशी येऊन, तो कसाबसा म्हणाला, “वाटतंय… लई वाटतंय.”

“तोंडी चालत नाही,” वैजयंती म्हणाली. “लिहून द्या.”

“लिवलंय. आठ दिस खिशात हाये.” त्याने घडी घातलेला कागद खिडकीतून आत दिला. गाडी सुटली.

गाव मागे पडल्यावर तिने कागद उघडला. एकच ओळ, मोडीत. आधी तिला स्वतःच्या नावातला व सापडला, मग य. बाकी काही लागेना. पण एक अक्षर ती आता कुठेही ओळखू शकली असती. तिने कागद गुडघ्यावर ठेवून घडी तळहाताने नीट सपाट केली आणि ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली.

त्यात न कुठेच नव्हता.