गालावरचा उजेड

"यात माझी माई कुठे आहे, ते दाखवा!"

झुल्मिराने फोटो पुढ्यात आपटला तसं फोटोग्राफर बेलार्मिनोच्या पेल्यातलं चिंचेचं सरबत हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं. ते पुसायचं सोडून तो तिच्याकडे पाहतच राहिला. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"अहो... या काय बसल्यात!"

"ही लेस बसली आहे. कांजी मी केली, टाका न् टाका ओळखू येतो. पण वर चेहऱ्याच्या जागी कोळसा आहे!"

तिचा संताप रास्त होता. काशोएरा गावातल्या काळ्या बायकांच्या भगिनीसंघाचं प्रमुखपद बाईला आयुष्यात एकदाच मिळतं, आणि ऑगस्टच्या उत्सवात तिची तसबीर संघाच्या भिंतीवर चढते. यंदा तो मान झुल्मिराच्या आईचा, दोना लेओकादियांचा होता. त्या भिंतीवरच्या एकाही तसबिरीत बाई ओळखू येत नसे. शुभ्र लेस तेवढी लखलखे. आपली माई त्या रांगेत हरवू द्यायची नाही, असं झुल्मिराने मनाशी ठरवलं होतं.

बेलार्मिनोने घाईघाईने दुसरी प्रत काढून आणली. तीत चेहरा राखेसारखा उतरला होता.

"माई जिवंत आहे, महाशय!"

"निगेटिव्हमध्ये चेहराच उमटलेला नाही हो. कागदावर आणू तरी कुठून?" त्याने मान खाली घातली. "पांढरं पांढरंच आलं पाहिजे, असं उस्तादांनी शिकवलं. म्हणून मी उजेड लेसवरून मोजला."

"तुमच्या उस्तादांनी किती काळ्या बायकांचे फोटो काढले?"

"...एकही नाही."

खोटं बोलला असता तर ती तिथूनच निघून गेली असती.

"पुन्हा काढतो. त्यांना घेऊन या."

"माई म्हणते, ज्याने माझ्या तोंडाला काळं फासलं, त्याच्यासमोर मी पुन्हा बसायची नाही. उत्सव पाच दिवसांवर आलाय!"

"मग तुम्ही बसा. त्यांचाच पोशाख घालून. मला जमलं, तर फोटो त्यांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईची लेस अंगावर घालून, ओठ घट्ट मिटून बसली. त्याने तिला उन्हातून उठवून पडवीच्या सावलीत नेलं आणि मीटर थेट तिच्या गालाशी धरलं.

"इतक्या जवळ?"

"उजेड गालावरचा मोजायचाय..."

"उजेड मोजा. गाल नको."

तो कानापर्यंत लाल झाला. तिने हसू गिळलं. राग अजून संपलेला नव्हता.

"चेहऱ्याला पुरेसा उजेड दिला, तर लेसचे टाके पांढऱ्यात जळून जाणार नाहीत?" तिने विचारलं.

"म्हणून फिल्म द्रावणातून लवकर काढायची. अंधाऱ्या भागाचं काम आधी उरकतं, पांढरं मात्र शेवटपर्यंत चढतच राहतं. अकरा मिनिटांऐवजी आठ."

"म्हणजे निळीच्या पाण्यासारखं! वेळेवर उपसली नाही, की लेस वाया जाते."

"हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलंच नाही," तो थक्क होऊन म्हणाला.

"धुणाऱ्या बायकांना विचारलंत कधी?"

फिल्म वाळल्यावर दोघं त्याच्या काळोख्या खोलीत शिरली. लाल दिव्याखाली, फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडला. "तुमचा हात... इथे धरा. चेहऱ्यावर सावली, म्हणजे तिथे कागद कमी काळा होईल. हलवत राहा, नाहीतर कडा उमटेल." दोन हात एकमेकांना लागले. दोघांनीही ते मागे घेतले नाहीत.

मग कागद द्रावणात गेला. आधी भुवया आल्या, मग गालांची गोलाई, नाकावरची चमक... लेसचा एकेक टाका जागच्या जागी होता, आणि वर एक तांबूस-काळी, रागावलेली, ओळखू येणारी मुलगी होती. झुल्मिराचे डोळे भरून आले. आपण अशा दिसतो, हे कागदाने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

दोना लेओकादियांनी फोटो दाराच्या उजेडात नेऊन पाहिला.

"हा नाकावरचा राग माझ्या घरचा आहे," त्या म्हणाल्या. "उद्या दहाला बसते. त्या पोराला सांग, सदरा धुतलेला घाल."

उत्सवाच्या दिवशी भिंतीवरच्या त्या रांगेत पहिल्यांदाच एक बाई समोर बघत होती. बायका माईंच्या तसबिरीपाशी थांबत, स्वतःच्या गालावरून हात फिरवत.

बेलार्मिनो खांबाआड उभा होता.

"तो पहिला फोटो... तुमचा... मी ठेवून घेऊ?"

"नाही."

"एकच प्रत..."

"इतके दिवस कागदातच बघत होतास," झुल्मिरा फणकारली, "म्हणून तर हा घोळ झाला! मला बघायचं, तर समोर येऊन बघ. रोज ये. माईच्या देखत ये."

तो पुढे आला. उजेड न मोजताच.