उत्तर येईपर्यंत

शर्यतीच्या सकाळीच दुकानातल्या पैलवानाचा पाय मुरगळला आणि, खरं सांगते, भाचीला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

भाची म्हणजे काचेच्या दुकानाच्या मालकांची भाची. वर्षापूर्वी ती मामांकडे चौकटी करायचं काम शिकायला आली. पहिल्याच दिवशी ती घाईघाईत आत शिरत असताना कुणीतरी ओरडलं, "ओ, हलू नका!" तिच्या नाकासमोर पुसून लख्ख केलेली आख्खी काच उभी होती... आणि काचेपलीकडे तो. काच कापणारा, ज्याला सगळे लांबू म्हणायचे. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग तो असा काही लाजला की आठवडाभर तिच्या टेबलाकडे फिरकलाच नाही.

पुढे वर्षभर तेच. तिनं चहा दिला की, "ठेवा." तिनं विचारलं, "बरंय ना?" की, "हो." एकदा त्याचा अंगठा कापला, तिनं पट्टी बांधली, तर हा सगळा वेळ छताकडे बघत बसला! बाई गं, एवढा ताडमाड माणूस, पण तिच्यापुढे तोंडात मिठाची गुळणी. आणि आता आईबाबांनी तिला परत बोलावलं होतं. उद्या सकाळची गाडी. तिला राहायचं होतं, मनापासून राहायचं होतं. पण कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं तर सांगणार काय? त्यानं एक शब्द तरी बोलायला हवा होता ना!

ती शर्यत आता कुणी भरवत नाही. तेव्हा मात्र सगळा बाजार लोटायचा. दोघांनी उभी काच धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. मामांच्या दुकानाची जोडी ठरलेली: लांबू आणि पैलवान. मामा डोक्याला हात लावून बसले होते.

"पैलवान गेला कामातून. आता दुसरं टोक कोण धरणार?"

"मी धरते."

"तू? अगं, काच आहे ती, कापसाची उशी नाही!"

"मग वर्षभर दुकानात कोण उचलतंय, भूत?"

लांबूनं मान वर केली. "त्यांना जमेल," तो म्हणाला. हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण.

काच वाहायची रीत पक्की होती. पुढच्यानं रस्ता सांगायचा, मागच्यानं 'ऐकलं' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पाऊल टाकायचं नाही, मग आभाळ कोसळो.

शिट्टी वाजली. लांबू पुढे, ती मागे. भुरभुर पावसानं रस्ता ओला होता. जाड हातमोज्यांतूनही काचेची थंडगार कड लागत होती, ती अजून तिच्या तळहातांना आठवते.

"पायरी."

"ऐकलं."

"खड्डा... डावीकडून."

"ऐकलं."

दोघं सगळ्यांच्या पुढे निघाले. त्याची भिजलेली पाठ, एका लयीत पडणारी पावलं... हा रस्ता संपूच नये, असं तिला वाटत होतं.

"वळण."

"ऐकलं."

"उद्या... जाऊ नका."

तिच्या तोंडून शब्द फुटेना. आणि लांबू – अस्सल काचवाला तो! – जागच्या जागी थांबला. शेवटची दोरी हाकेच्या अंतरावर होती.

"अरे पळ की, मेल्या!" मामा ओरडले. मागची जोडी पुढे गेली. मग आणखी एक. लोक हसायला लागले. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण उत्तराशिवाय तो हलेना.

"इतके दिवस काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"तुमच्याकडे बघून बोलता येत नाही मला," तो समोर बघूनच म्हणाला. "आज पाठ आहे... म्हणून जमलं."

"मग मी काय तुमच्या पाठीसाठी राहू?"

तो कळवळून म्हणाला, "बोला ना काहीतरी. हात भरून आले."

"ऐकलं," ती म्हणाली.

ते शेवटून पहिले आले. काच भिंतीला टेकवतात तोच मामा तावातावानं पोचले. "हातचं बक्षीस घालवलंत! मध्येच कसला मुहूर्त शोधत होतात?"

लांबू तिच्याकडे वळला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"आता बघून म्हणा," ती हळूच म्हणाली.

त्यानं हातमोजे काढले. मग सगळ्या बाजारादेखत, तिच्या डोळ्यांत बघत तो म्हणाला, "जाऊ नका. माझ्यासाठी राहा."

तिला हसू आलं आणि रडूही.

"मामा," ती म्हणाली, "मी का राहतेय ते बाबांना तुम्हीच सांगा हं... मला लाज वाटते."