दोन पक्षांचे डबे

"दोन्हीकडचं तिकीट गेलं," असं म्हणत धुरपताबाईंनी गोंदियाच्या खाजगी गुप्तहेर नीतू बिसेनपुढं स्टीलचे दोन डबे ठेवले.

नीतूचा सहकारी, निवृत्त हवालदार शालीकराम, डब्यांवर कोरलेली नावं वाचू लागला. दोन विरोधी पक्षांच्या जिल्हाध्यक्षांच्या बायकांची नावं होती ती.

जिल्हा परिषदेसाठी धुरपताबाईंनी दोन्ही पक्षांकडं गुपचूप तिकीट मागितलं होतं. दोन्ही घरांनी आशेसोबत डबाभर लाडूही दिले. परवा डबे परत गेले, ते अदलाबदल होऊन. प्रत्येक अध्यक्षाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या बायकोचं नाव पोहोचलं, आणि दोन्ही डबे तसेच धुरपताबाईंकडं माघारी आले.

"एक अध्यक्ष म्हणते, हा गावातल्या दुसऱ्या इच्छुकाचा, गजेंद्रचा डाव आहे हे दाखवा, मंग पाहू. उद्या अर्जाची मुदत संपते."

"एवढं काऊन पाहिजे तिकीट?" शालीकरामनं विचारलं.

"गावच्या आरोग्य उपकेंद्राले कुलूप आहे. मायी पोरगी खुशी जीपमधीच गेली, पोटातल्या लेकरासंगं. आता सुनेचे दिवस भरले."

नीतूनं डबा उघडला. आत मूठभर तांदूळ होता. तिनं एक दाणा चावून पाहिला.

"तुम्ही भरला?"

"रिकामा डबा कोनी परत करते का? पर मी नाही भरला. धुवून थैल्यांत टाकले, आल्यावर भरीन म्हणून मीटिंगले गेली. आली तं थैल्या गेल्या होत्या."

अर्जुनी मोरगावजवळच्या त्या गावात पहिला भेटला गजेंद्र, चहाच्या टपरीवर.

"मी स्वतः तीन पक्षांकडं जाऊन राहिलो, बाई. कोनाले नावं ठेवू? त्या सकाळी धुरपताबाईच्या घरी चहा पेलो, एवढंच."

"हाच," शालीकराम पुटपुटला.

घरी धुरपताबाईंचे यजमान ग्यानीराम जेवत होते. त्यांनी पाहुण्यांनाही बसवलं. भात नव्या तांदळाचा, चिकट गोळा झालेला. उघडं पोतं शेजारीच जमिनीवर होतं.

"निळी थैली इकडं, लाल तिकडं, बायकोनं आधीच सांगितलं होतं. बांधून दिसल्या, दुधासंगं पोचवल्या. उघडून कोन पाहते?"

"जुना तांदूळ नाही का, काका?"

"फळीवरच्या त्या पिप्यात आहे. सुनेच्या बाळंतपणाचा. हात लावला तं बायको हात तोडन."

सून आचल पाणी घेऊन आली. पेला निसटला. ती भिंत धरून नुसती पाहत राहिली. शालीकरामनंच वाकून तो उचलला.

"वाकता येत नाही आता," ती ओशाळून म्हणाली.

नीतूनं धुरपताबाईंना आत बोलावलं आणि डब्यातला तांदूळ ताटात ओतला.

"गजेंद्रला डाव साधायचा असता तर त्यानं डबे रिकामेच बदलले असते. भरून देणारा हात याच घरचा. तोही सवयीनं भरून गेला. पण हा दाणा जुना आहे, बाई. नव्याचं पोतं पायाशी उघडं असताना फळीवरच्या पिप्याला हात कोण घालेल? काका घालणार नाहीत, तुम्ही तर नाहीच. ज्याला पोत्याशी वाकता येत नाही, आणि ज्याच्यासाठी तो तांदूळ ठेवलाय, तेच माणूस घालेल."

शालीकरामच्या हातात अजून तो पेला होता. त्यानं तो हळूच खाली ठेवला.

आचलनं नाकारलं नाही. ती सासूला म्हणाली, "मीच बदलले, मामीजी. तुमी निवडून आल्या असत्या तं गोंदियाले राहिल्या असत्या. खुशीताईचं झालं, तसं माह्यं झालं तं? जवळ कोन राहिलं असतं?"

बाहेर गजेंद्रची प्रचारगाडी गेली.

"अध्यक्षाले काय सांगता?" ग्यानीरामांनी विचारलं.

धुरपताबाईंनी ताट उचललं. ताटातला दाणा न् दाणा त्यांनी फळीवरच्या पिप्यात परत भरला, झाकण दाबून बसवलं आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता घरीच आहो मी," त्या म्हणाल्या. "पर पोरी, खुशीच्या वेळीही मी घरीच होती."