उठून गेलेल्याची शिकार

जूनमधल्या त्या रविवारी, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ग्वेंडा घरातून निघाली ती एक अर्धवट राहिलेला डाव संपवायला. गाडीच्या मागच्या सीटवर सॉसेज रोलचा ट्रे होता, त्यावर स्वच्छ फडकं. शेजारी धाकटा भाऊ नेव्ह, गळ्यात मफलर, मांडीवर पांघरूण. दुपार झाली तरी नदीवरचं धुकं लॉन्सेस्टन शहराच्या छपरांवरून हललं नव्हतं. घराघरांतल्या शेगड्यांचा धूर त्यात मिसळला होता आणि ओहोटीच्या चिखलाचा वास काचा बंद असूनही आत येत होता.

"परत फिरू या का?" ग्वेंडाने विचारलं.

"अगं, मी काही मेलो नाही अजून," नेव्ह म्हणाला. मग त्यालाच ते बोलणं रुचलं नाही. त्याने मफलर आणखी घट्ट गुंडाळला.

हा डाव म्हणजे 'रक्तवंश' नावाच्या पत्त्यांच्या खेळाचा. चांगली पन्नाशी-साठी गाठलेली माणसं पिशाच्चांची चित्रं असलेले पत्ते पाकीट-पाकीट विकत घेतात, अदलाबदल करतात आणि त्यावरून महिना-महिना अबोला धरतात, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. खेळ तसा सोपा. प्रत्येकापुढे लाल काचेचे मणी असतात, ते त्याचं रक्त. आपल्या डाव्या हाताला बसलेला तो आपलं सावज. त्याचे मणी संपले की तो बाहेर. अडचण एवढीच, की पत्त्यांवरचा मजकूर असा, की दोघांनी वाचला तर तीन अर्थ निघावेत. म्हणून त्यांच्या खेळाच्या क्लबला जज लागायचा, आणि ती ग्वेंडा. स्वतः ती कधी खेळली नाही. शाळेची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेली बाई, पण तिने दिलेला निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा दिलेला निकाल त्या डावापुरता बदलायचा नाही. ज्याच्या बाजूने लागला त्याने आपणहून सोडला तरच, हा क्लबचा रिवाज. निकाल मान्य असेल तर बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायची, नसेल तर एकदा. ही टकटक क्लाइव्हने आणलेली. नळदुरुस्तीत हयात गेलेला तो माणूस बोलण्याच्या बाबतीत भलताच चिक्कू होता.

ईस्टरच्या आधी, चौघांच्या डावात, त्याच क्लाइव्हने दीर्घ शिकारीचा पत्ता टाकला होता. त्याच्या डावीकडे नेव्ह, पुढे मासे-चिप्सच्या दुकानाचा मालक स्टाव्ह, आणि मग टॅम्सिन, हॉस्पिटलात रक्त तपासणारी. पत्त्यावर लिहिलं होतं, 'शिकार चालू असेपर्यंत सावजाचं रक्त घटत जातं आणि शिकाऱ्याचं वाढत जातं.' पत्ता ठेवून क्लाइव्ह उठला. त्याला सदानकदा निलगिरीच्या गोळ्या चघळायला लागायच्या, त्या गाडीत राहिल्या होत्या.

दार लागताच नेव्हला चेव आला. "शिकारीच पळाला! म्हणजे शिकार बंद. काय जजबाई?"

पत्त्यावर त्याबद्दल अक्षर नव्हतं. ग्वेंडाने चष्मा सारखा केला. "उठून गेला म्हणून शिकार थांबत नाही. तो परत येऊन बसेपर्यंत ती चालूच."

वाक्य तिचं तिलाच आवडलं होतं. तिघांनी हसत दोनदा टकटक केली. पण क्लाइव्ह परत आलाच नाही. स्टाव्ह बघायला गेला, तर तो गाडीत स्टिअरिंगवर मान टाकून बसलेला, गोळ्यांची डबी मुठीत. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्याच गेला. म्हणजे ग्वेंडा चष्मा सारखा करत होती तेव्हाच.

अर्धा डाव उचलायचा नाही, हाही क्लबचा रिवाज. अर्धं जेवलेल्याचं ताट ओढू नये, तसं. त्यावर हिरवं कापड पसरायचं आणि सगळे जमले की पुढे खेळायचं. अंत्यविधी झाला, थोडे दिवस गेले, मग त्यांनी कापड उचललं. नेव्हचे मणी कमी वाटले. "मुळात होतेच तेवढे," स्टाव्ह म्हणाला. "तुझ्या दुकानात बटाटे मोजतोस तसे मोजलेस का?" नेव्ह म्हणाला. भांडण झालं, कापड पुन्हा पडलं. पुढच्या खेपेला मणी आणखी कमी. ग्वेंडाला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. डाव मांडलेल्या खोलीची किल्ली ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवू लागली. मणी घटतच राहिले, आणि क्लाइव्हच्या रिकाम्या खुर्चीपुढची रास वाढत राहिली.

आणि नेव्ह पांढरा पडत चालला. जिने चढताना धापा टाकू लागला, गरम पाण्याची पिशवी घेऊनही कुडकुडू लागला. हॉस्पिटलात रक्त चढवलं की दोन दिवस गालांवर रंग यायचा, मग पुन्हा तेच. डॉक्टरांना कारण सापडेना. शेवटी टॅम्सिननेच ग्वेंडाला फोन केला होता. "मला वेडी म्हण हवं तर," ती म्हणाली, "पण मणी कमी झाले की त्याचा रिपोर्ट खाली येतो. दर वेळी... मी दोनदा तपासून बघते, ग्वेन. दर वेळी."

ग्वेंडाने तिला वेडी म्हटलं नाही. तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. आई गेल्यावर तिने या भावाला वाढवलं होतं, शाळेत सोडलं होतं, बायको सोडून गेली तेव्हा घरी आणलं होतं. तो गेला तर आपलं या जगात कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त काय करायचं ते कळत नव्हतं.

बोलिंग क्लबची मागची खोली नेहमीसारखीच होती. बाहेरची, गोळे घरंगळवायची हिरवळ हिवाळ्यासाठी बंद, आत शेगडी पेटलेली, शेजारच्या बारमधून रेडिओवरच्या फुटबॉलचा आवाज. स्टाव्ह आणि टॅम्सिन आधीच आले होते. ग्वेंडाने ट्रे ठेवला, पण कुणी फडकं उचललं नाही. नेव्ह आपल्या खुर्चीत बसला आणि तिने हिरवं कापड बाजूला केलं.

नेव्हपुढे एकच मणी उरला होता.

"बरं," स्टाव्ह जरा मोठ्यानेच म्हणाला, "सगळे पत्ते उचला आणि शेगडीत घाला. सुंठीवाचून खोकला गेला."

"त्याच्या रक्तासकट?" टॅम्सिन म्हणाली.

स्टाव्हने उचललेला हात खाली ठेवला. "मग नेव्हने हार मानावी."

"हरला की बाहेर," ग्वेंडा म्हणाली. "बाहेर म्हणजे कुठे, ते सांगतोस?"

"मी उठून घरी गेलो तर?" नेव्हने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की रेडिओवरचा गलका त्याच्यावरून जात होता.

उठून गेलेला माणूस खेळातच असतो, असं ग्वेंडाच तर म्हणाली होती. सगळ्या वाटा तिच्या एका वाक्याने बुजवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निवृत्त बाईने गुमान स्वेटर विणावेत, तर हिला जज व्हायचं होतं!

"मेलेला माणूस खेळात कसा?" स्टाव्ह कुरकुरला.

"नियमात बाहेर पडायचा एकच मार्ग आहे. मणी संपणे. आणि त्याचे..." ती क्लाइव्हच्या राशीकडे वाकली. एक मणी बोटाने बाजूला केला आणि हात झटकन मागे घेतला. मणी कोमट होता. शेगडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"निकाल बदल ना," टॅम्सिन म्हणाली.

"मला बदलता येत नाही. ज्याच्या बाजूने लागला त्याने सोडायला हवा."

"मग विचार त्याला."

ग्वेंडा रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. आपण किती मूर्ख दिसत असू, असं तिला वाटलं. "क्लाइव्ह," ती म्हणाली, "ईस्टरच्या आधी दिलेला निकाल तुझ्या बाजूने होता. तो तू सोडतोस का...? नेव्हसाठी."

शेगडीत लाकूड तडकलं. बारमध्ये कुणीतरी गोल केला असावा, ओरडा झाला आणि विरला. मग टेबलावर, क्लाइव्हच्या बाजूला, पेराने वाजवल्यासारखी टकटक झाली.

एकदाच.

स्टाव्हने छातीवर क्रूसाची खूण केली. टॅम्सिनने दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले होते, मी नव्हे, हे दाखवायला. नेव्ह खुर्चीत खाली घसरत होता; त्याचे ओठ निळसर झाले होते. ग्वेंडा त्याच्याकडे धावली, त्याचा हात हातात घेतला. बर्फ. टेबलावरचा शेवटचा मणी कुणी न हलवता हळूहळू कडेला सरकत होता.

"काय म्हणाले होते मी?" ती ओरडली. "टॅम्सिन, नेमके शब्द! काय म्हणाले होते?"

"उठून गेला म्हणून शिकार थांबत नाही..."

"पुढे!"

"तो परत येऊन बसेपर्यंत... चालूच."

बसेपर्यंत. ग्वेंडाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निकाल बदलायचाच नव्हता. तो पाळायचा होता. तो परत येऊन बसला, की शिकार संपली. आतापर्यंत सगळे त्याच्या तावडीतून सुटायच्या मागे होते, त्याला ये म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं.

"नको, ग्वेन," स्टाव्ह कुजबुजला. "कुणाला बोलावतेस, कळतंय का?"

कळत नव्हतं. कळून घ्यायला वेळही नव्हता. भावाचा हात छातीशी धरून ती म्हणाली, "क्लाइव्ह, ये. परत ये आणि बस."

काही झालं नाही. खुर्ची हलली नाही, दार उघडलं नाही. पण मणी कडेवर येऊन थांबला. नेव्हने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. डोळे उघडून म्हणाला, "त्या ट्रेमधले रोल गार झाले असतील ना?" ग्वेंडाला रडू फुटलं.

तिनेच दीर्घ शिकारीचा पत्ता उचलून पालथा घातला. रोल संपले. नेव्हनेच निम्मे खाल्ले, तेही सॉस लावून. खेळायची इच्छा कुणालाच नव्हती. डाव मोडायचा असं ठरलं आणि तिघांनी दोनदा टकटक केली. चौथ्याची वाट कुणी पाहिली नाही. मणी डब्यात भरले गेले, क्लाइव्हचेही. ते आता गार होते.

"पण आता पाळी कुणाची होती?" कोट घालताना टॅम्सिनने उगाच विचारलं. निकाल विचारला आणि ग्वेंडाला सुचला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं. नेव्ह शीळ घालत होता. "तू सूप गरम कर, मी ताटं मांडतो," म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात त्याच्या पावलांचा आवाज घुमला. ग्वेंडा पातेल्यापाशी उभी राहून तो ऐकत होती. इतकं सुख तिला बऱ्याच काळात झालं नव्हतं.

सूप घेऊन ती वळली, तर टेबलावर तीन ताटं होती.

"तिसरं कुणाचं?"

नेव्हने ताटाकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "कुणास ठाऊक. हात गेला आपोआप." तो हसला. "राहू दे आता."

तिसऱ्या खुर्चीवर एरवी जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग असायचा. आता तो जमिनीवर नीट रचून ठेवला होता. "तू उचललास?" तिने विचारलं. नेव्ह पाव मोडत म्हणाला, "मी कशाला उचलू?"

ती आपल्या जागेवर बसली. नेव्ह समोर. रिकामी खुर्ची तिच्या उजव्या हाताला, म्हणजे ती त्या खुर्चीच्या डाव्या हाताला. धुराचा वास घरात नेहमीच असतो, पण त्यात आज काहीतरी थंड आणि झणझणीत मिसळलं होतं, चघळलेल्या गोळीसारखं. ते काय आहे हे तिला लगेच कळलं, आणि कळल्याचं तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. ती पावाचे काप करू लागली. आपण क्लाइव्हला ये म्हणालो, बस म्हणालो... पण कुठे, ते म्हणालोच नाही. शाळेतल्या पोराने केली असती तर तिने कान धरला असता, अशी चूक.

सुरी घसरली. अंगठ्याला चांगलीच लागली.

"अगं! लागलं का?" नेव्हने मान वर केली. गाल लालबुंद होते त्याचे.

ग्वेंडा अंगठ्याकडे बघत राहिली. कापल्याची रेघ खोल होती आणि स्वच्छ पांढरी. ती रक्ताची वाट बघत राहिली. सुपावरची वाफ विरली, तरी रेघ पांढरीच.

"नाही रे," ती म्हणाली. "जेव तू."

मग तिच्या उजव्या हाताला, टेबलावर, दोनदा टकटक झाली. नेव्ह सूप पीत होता. त्याचे दोन्ही हात वाटीभोवती होते.