टाकीतली हवा

गाडीला हवेची टाकी बसवून हवी आहे ना, बसवून देतो. कॉम्प्रेसर चांगला आणलाय तुम्ही. फक्त पाइपाचं तोंड केबिनमध्ये, सीटच्या मागे हवं म्हणालात, ते काम मी घेत नाही. बाहेर, मागच्या बंपरवर देतो. का, ते विचारलंत म्हणून सांगतो. बसा, दिवा जरा अलीकडे घ्या.

चांगला डांबरी रस्ता सोडून चिखलात आणि वाळूत गाडी घालायची, याला तुम्ही मंडळी छंद म्हणता. म्हणा. माझं पोट त्यावर चालतं. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची, बाहेर आलं की टाकीतून भरून घ्यायची. टाकीतला दाब उतरला की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, टाकी भरली की गप्प बसतो. यात भुताखेताला जागा कुठे, असं मीही म्हणायचो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा असाच हौशी. नदी ओलांडताना त्याची जीप आडवी झाली आणि तो गेला. मागच्या गाडीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. हा त्यांच्या हौशी टोळक्याचा म्होरक्या, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. त्यानेच घरी येऊन सांगितलं, "वहिनी, डोक्याला मार बसला. जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

त्या एका वाक्यावर माझी बहीण जगत होती. कोणी भेटायला आलं की तेच सांगायची, त्यांना काही कळलं नाही हो. तेवढं बोलताना तिचा आवाज स्थिर असायचा. बाकी कशातच तिचा जीव उरला नव्हता.

वर्ष फिरायच्या आत कॅप्टनने तीच जीप माझ्या दारात आणून उभी केली. "इंजिन करून घेतलंय. हवेचं तेवढं तुम्ही बघा. पुढच्या ट्रिपला हीच काढतो." भावाचे बूट आपल्या पायाला होतात का, हे बघावं तसं बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बहीण त्याच्याच घरात राहायची, म्हणून गिळलं.

जुना कॉम्प्रेसर पाण्याने गेला होता, नवा बसवला. टाकी आणि पाइप धड होते, ते तसेच ठेवले. दुपारची वेळ, आभाळ दाटून आलेलं, शेडमध्ये मी एकटा. टाकी पुरती भरली, सगळं शांत झालं, हात धुऊन परत येतो तर कॉम्प्रेसर पुन्हा धडधडतोय. दाबाचा काटा उतरलेला.

गळती असणार, दुसरं काय. साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेक जोडावर लावत गेलो. हवा निसटत असेल तिथे बुडबुडा येतो. कुठेच आला नाही. आणि काटा उतरतच होता. तोही सरळ नाही. थोडा उतरायचा, थांबायचा... पुन्हा थोडा उतरायचा, थांबायचा.

राहिलं पाइपाचं तोंड. तेही केबिनमध्ये, सीटच्या मागे, तुम्हाला हवंय तसंच. तिथे झडप असते, टायरला लावल्याशिवाय ती उघडत नाही. तरी ब्रश फिरवला. तोंडावर साबणाचा पातळ पापुद्रा धरला. तो फुगला. मग आत ओढला गेला. पुन्हा फुगला... आत गेला. फुटला नाही.

अहो, टाकीतून हवा बाहेर येते. आत कशी जाईल? मी वाकून बघितलं तर ओल्या गाळाचा वास आला. पाइप उजेडाला धरला आणि मग दिसलं. तोंडाजवळच्या रबरावर दातांच्या खुणा होत्या. खोल, एकावर एक.

म्हणे काही कळलं नाही! गाडी पाण्यात आडवी, दार गाळात रुतलेलं, आणि माझा मेहुणा तो पाइप दातांत धरून, जिभेने झडप दाबून टाकीतली हवा घोट घोट ओढत पडला होता. टाकी संपेपर्यंत.

बहिणीला सांगावं, तर तिचं ते एक वाक्य मीच हिसकावून घ्यायचं. न सांगावं, तर या माणसाच्या हातचं तिने जन्मभर खायचं. जीपवर ताडपत्री ओढायला घेतली, तेवढ्यात बहीण आणि कॅप्टन दारात. तो गाडी न्यायला आला होता, ती शेवटची बघायला.

"दादा, हे काय वाजतंय?"

"कॉम्प्रेसर आहे गं. तू घरात जा, चहा टाक."

ती गेली नाही. केबिनमध्ये वाकली, पाइप हातात घेतला आणि कानाशी धरला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ह्यांना सर्दी झाली की अशीच शिट्टी वाजायची..."

मग तिचं बोट त्या खुणांवर गेलं. वरच्या ओळीत एका दाताची जागा कोरी होती. मेहुण्याचा पुढचा दात तुटका होता.

"भाऊजी," ती वळून म्हणाली, "ते किती वेळ जिवंत होते?"

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"पाणी ओसरेल असं वाटलं होतं, वहिनी. दोर लावला असता तर माझीही गाडी आत गेली असती..."

"किती वेळ?"

"अंधार पडेपर्यंत... हॉर्न वाजत होता."

"आणि तुम्ही?"

"काठावर होतो."

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण तिने पाइप पुन्हा कानाशी नेला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"दादा, इकडे ये. हे ऐक."

मी कान लावला. एक लांब श्वास, बारीक शिट्टीचा. आणि तो संपायच्या आत, त्याच्या खाली, आणखी एक... लहान, भराभर चाललेला.

"दोन आहेत," ती म्हणाली.

कॅप्टन मागे सरत सरत शेडच्या दारापर्यंत पोचला होता. "गाडीत तो एकटाच होता," तो म्हणाला. "एकटाच होता वहिनी, शपथ."

त्याला ते कोणीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो गाडी मागायला आला नाही. बहीणही त्या घरी परत गेली नाही, माझ्याकडेच राहते. ती सकाळ-संध्याकाळ इंजिन सुरू करून टाकी भरते. एकदा म्हटलं, पुरे कर आता. तर म्हणाली, "तेव्हा कोणी दिली नाही. मी देते."

शिट्टीचा श्वास गेल्या महिन्यापासून बंद झालाय. ती त्याच्यासाठी रडलीसुद्धा. दुसरा मात्र चालू आहे, आणि टाकी आता पहिल्यापेक्षा लवकर रिकामी होते.